पेनसिल्व्हेनियातला किंझुआ पूल : वाऱ्याने पाडला की बोल्टांनी?

खाडीपूल
'टोर्नेडोने पाडलेला पूल' ही किंझुआची एका ओळीतली ओळख. ती खोटी नाही, पण त्यात खरा दोषी सुटतो. म्हणून हा धागा.

आधी पुलाची कुंडली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या उत्तर भागात, मॅककीन परगण्यातल्या जंगलात किंझुआ नावाचा ओढा आहे. ओढा लहान, दरी मात्र प्रचंड. कोळसा, लाकूड आणि खनिज तेल बाहेर काढायला रेल्वे हवी होती. दरी टाळून जायचं तर आणखी सुमारे १३ किमी रूळ डोंगरातून फिरवावे लागले असते, म्हणून १८८२ मध्ये सरळ दरीवरूनच पूल टाकला. उंची ३०१ फूट (९२ मी.), लांबी २०५३ फूट (६२६ मी.), एकेरी मार्ग. फ्रान्समधला गाराबी पूल होईपर्यंत, म्हणजे साधारण दोन वर्षं, जगातला सगळ्यात उंच रेल्वेपूल हाच होता. चाळीस माणसांनी ९४ कामाच्या दिवसांत उभा केला, तोही परांची न बांधता. पहिला मनोरा उचलखांबाने चढवला, त्याच्या डोक्यावर सरकती क्रेन बसवली आणि पुढचे मनोरे वरून खाली माल सोडत बांधले.

इंजिनं जड होत गेली तसा १९०० मध्ये सगळा सांगाडा उतरवून त्याच जागी पोलादी केला. १९५९ ला मालवाहतूक बंद. १९६३ मध्ये राज्य सरकारने तो उद्यानासाठी घेतला. १९८७ पासून पर्यटकांची गाडी जायची. २००२ च्या तपासणीनंतर आधी गाडी आणि मग पायी जाणंही बंद केलं. फेब्रुवारी २००३ मध्ये दुरुस्ती सुरू झाली आणि २१ जुलै २००३ ला वादळात वीसपैकी अकरा मनोरे अर्ध्या मिनिटाच्या आत आडवे झाले. कुणालाही इजा झाली नाही.

जाणकारांनी पायथ्याबद्दल लिहावं. मनोऱ्याचे पाय ओट्यांना (पायाच्या चौथऱ्यांना) धरून ठेवणाऱ्या अँकर बोल्टांबद्दल.

शंकासुर
हा ट्रस पूल म्हणायचा का? फोटोत तर उंच उंच घोडेच दिसतात.

रिव्हेटराव
काटेकोर बोलायचं तर नाही. हा ट्रेसल व्हायाडक्ट, म्हणजे मनोऱ्यांच्या रांगेवर टेकवलेला दरीपूल. ट्रस पुलात दोन खांबांमधलं लांब अंतर त्रिकोणांची जाळी पेलते. इथे त्रिकोणांची जाळी उभी आहे, मनोऱ्यांच्या अंगात. वरचे गाळे (दोन आधारांमधले तुकडे) आखूड : मनोऱ्याच्या डोक्यावर ३८.५ फुटांचा एक आणि दोन मनोऱ्यांमध्ये ६१ फुटांचा एक. वीस मनोरे, म्हणून २० × ३८.५ आणि २१ × ६१. बेरीज २०५१ फूट, म्हणजे लांबी जुळली. एकूण गाळे ४१.

खरा ट्रस इथे वेगळ्याच कामाला आला. १९०० मध्ये जुना पूल काढून नवा बसवताना लाकडी हाउ ट्रसचे (ट्रसचाच एक प्रकार) दोन 'ट्रॅव्हलर', म्हणजे सरकते सांगाडे, केले होते, प्रत्येकी १८० फूट लांब आणि १६ फूट खोल. मधला एक मनोरा काढला की शेजारच्या दोघांमध्ये ६१ + ३८.५ + ६१ म्हणजे १६०.५ फुटांची पोकळी राहते. १८० फुटी ट्रस त्यावर दोन्हीकडे जवळजवळ दहा-दहा फूट टेकतो. त्याच्याखाली जुना मनोरा उतरवायचा, नवा चढवायचा आणि पुढे सरकायचं. २४ मे ते २५ सप्टेंबर १९००, एवढ्यात काम आटोपलं. दीडशेपर्यंत माणसं, दिवसाला दहा तास. हे नियोजन आजही कुणाला शिकवावं असं आहे.

वाफेचे इंजिन
वजनाचे आकडे बघा म्हणजे १९०० चं काम किती मोठं होतं ते कळेल. १८८२ चं लोखंड १५५२ शॉर्ट टन (एक शॉर्ट टन म्हणजे ९०७ किलो), १९०० चं पोलाद ३३५८ शॉर्ट टन. म्हणजे दुपटीहून जास्त. जुन्या पुलाला फिनिक्स कॉलम होते : कडा वळवलेले वक्र तुकडे गोलाकार जोडून, कडांना रिव्हेट मारून केलेली पोकळ नळी. वजनाच्या मानाने फार ताकदवान, पण आतून ना बघता येत, ना रंगवता येत. नव्या पुलात ते वापरले नाहीत.

एवढं करूनही वेगमर्यादा ताशी ५ मैलच राहिली.

गंजपुराण
आता मुद्द्यावर. १९०० मध्ये वरचा सांगाडा नवा झाला, ओटे आणि त्यांत पुरलेले बोल्ट मात्र १८८२ चेच राहिले. नव्या पायांना ते बोल्ट आखूड पडत होते, म्हणून जुन्या बोल्टाच्या डोक्यावर कॉलर (आतून आटे असलेली जोडनळी) चढवून वर नवा तुकडा जोडला. म्हणजे मनोऱ्याला जमिनीशी बांधणारी साखळी अशी : ओट्यात जुना लोखंडी दांडा, त्यावर आट्यांची कॉलर, कॉलरमध्ये वरून नवा दांडा, मग बेसप्लेट, वॉशर, नट. पुलाचं वजन दुपटीहून वाढलं, उंची तीच, वारा तोच आणि धरून ठेवणारी वस्तू अठरा वर्षं जुनी.

चौकशीत हेच पुढे आलं. पायथ्याचे बोल्ट वाईट गंजले होते आणि कॉलरच्या जोडांत आधीपासूनच थकव्याच्या, म्हणजे पुन्हापुन्हा ताण येऊन पडलेल्या, चिरा होत्या. वादळात पूल आडवा चार-पाच वेळा डुलला आणि मग बोल्ट एकेक करून गेले. मनोरे हवेत मोडले नाहीत. ते अख्खेच उपटले गेले आणि जमिनीवर आपटून मोडले. पडलेल्या सांगाड्याची ही सगळ्यात बोलकी खूण. वरची जाळी कमकुवत असती तर कर्ण (जाळीतले तिरपे दांडे) आधी वाकले असते आणि मनोरा मध्येच दुमडला असता.

मोजपट्टी
वाऱ्याचं गणित मांडतो, म्हणजे 'टोर्नेडो होता, काय करणार' या वाक्याचं वजन कळेल.

अंदाजे वेग ताशी ९४ मैल, म्हणजे १५१ किमी, म्हणजे ४२ मी. प्रतिसेकंद. दाब = ०.६ × वेगाचा वर्ग = सुमारे १०६० न्यूटन प्रति चौ.मी., ढोबळ १०८ किलो. जाळीदार सांगाड्याला आकाराचा गुणक लागतो आणि मागची जाळीही वारा खाते, म्हणून प्रत्यक्षात दुप्पटही धरावा लागेल. तरी तुलनेला हे बघा : १८७९ मध्ये स्कॉटलंडचा टे पूल गाडीसकट पडला, त्यानंतर ब्रिटनमध्ये पुलांसाठी ५६ पौंड प्रति चौ.फूट वारा धरायचा दंडक आला. तो होतो २७३ किलो प्रति चौ.मी. म्हणजे किंझुआवरचा वारा राक्षसी होता, पण तेव्हाच्या इंजिनिअरांच्या कल्पनेबाहेरचा नव्हता.

आता उपटण्याचं. ३३५८ शॉर्ट टन म्हणजे ३०४६ मेट्रिक टन, भागिले ६२६ मी. सरासरी ४.९ टन प्रति मीटर लांबी. मनोऱ्याचे पाय दोन्ही बाजूंनी १:६ ने तिरपे धरले (हे मी मानलंय), तर ९० मी. उंचीला पायथा होतो १५ + १५ + वरचे ३ = ३३ मी. वजनाचा प्रतिकार = ४.९ × १६.५ = ८१ टन-मीटर, प्रत्येक मीटर लांबीमागे. गर्डर, स्लीपर आणि कठडा मिळून अडीच मीटर उंचीचा पडदा धरला आणि दाब २०० किलो, तर वरचा धक्का अर्धा टन. गुणिले ९० म्हणजे ४५. शिवाय मनोऱ्यांच्या अंगावरचा वारा. त्याची उंची सरासरी अर्धी, पण क्षेत्रफळ मोठं. दोन्हींची बेरीज ८१ च्या आसपास सहज जाते.

८१ च्या आत असेपर्यंत बोल्टांना काही कामच नाही, पूल स्वतःच्या वजनावर बसतो. ते ओलांडलं की वाऱ्याकडचा पाय उचलायला लागतो आणि सगळा भार एका क्षणात बोल्टांवर येतो. वर्षानुवर्षं मोठ्या ताणाला न लागलेले बोल्ट, आणि लागतात तेव्हा एकदम पूर्ण.

शंकासुर
मग गाडी वर असताना जास्त धोका की कमी? वजन वाढलं म्हणजे पूल दाबून बसेल ना?

मोजपट्टी
भरलेली गाडी असेल तर बसतो. पण गाडी म्हणजे साडेतीन-चार मीटर उंचीची भिंतही, आणि ती सगळ्यात उंच ठिकाणी. रिकाम्या वाघिणी सर्वांत वाईट : भिंत पूर्ण, वजन नाही. म्हणून स्थैर्य तपासताना पूल मोकळा, रिकाम्या गाडीसह आणि भरल्या गाडीसह असं तिन्ही प्रकारे बघतात.

आपल्या रेल्वेच्या नियमात ब्रॉडगेजसाठी वाऱ्याचा दाब १५० किलो प्रति चौ.मी.च्या वर गेला की पुलावर गाडी नाही असंच धरतात, मीटरगेज आणि नॅरोगेजला १००. हा झाला डिझाइनचा आकडा. गाड्या थांबवायचा आकडा फार खाली असतो. रामेश्वरला जाणाऱ्या जुन्या पांबन पुलावर वारा ताशी ५८ किमी झाला की सिग्नल बंद व्हायचा. त्या वेगाचा दाब काढा, जेमतेम १६ किलो येतो. दहापटीचं अंतर.

खाडीपूल
कोकण रेल्वेतही वाऱ्यामुळे गाड्या थांबवायची सोय आहे ना?

रिव्हेटराव
आहे. रत्नागिरी–निवसर दरम्यानचा पानवल व्हायाडक्ट, गोव्यात मांडवी आणि जुवारी, पुढे कर्नाटकात होन्नावरजवळ शरावती, इथे वेगमापक बसवलेत. पण पानवल काँक्रीटचा आहे. त्याला वाऱ्याने पूल उपटला जाण्याची काळजी नाही, गाडीची आहे. किंझुआचं उलटं : पडला तेव्हा वर गाडी नव्हतीच.

गंजपुराण
पडण्याचा क्रम कुणी लिहिला नाही, तो रंजक आहे. मनोऱ्यांना १ ते २० क्रमांक. आधी १० आणि ११ पश्चिमेकडे कोसळले. त्याच वेळी १२, १३, १४ पायथ्यावरून उचलले गेले, थोडे वायव्येला सरकून पुन्हा उभेच टेकले. बोल्ट तुटलेले, आधार फक्त वरच्या रुळांचा. मग ४ ते ९ पिळवटत गेले. टोर्नेडो उत्तरेला सरकला तसा त्याच्याकडे खेचला जाणारा वारा दक्षिणेकडून आला आणि नुसते टेकलेले १२ ते १४ उत्तरेला पडले. दरीत सांगाडे कुठल्या दिशेला तोंड करून पडलेत यावरून हे सगळं बांधता आलं.

१२ ते १४ कडे नीट बघा. बोल्ट तुटल्यावरही मनोरे उभे होते! यावरून काय समजायचं? शांत हवेत पूल डौलात उभा दिसतो, यावरून बोल्ट शाबूत आहेत असं अजिबात ठरत नाही. दोन-चार बोल्ट आधीच तुटलेले असते तरी वरून कळलं नसतं.

नवखा_ट्रॅकमन
मग तपासायचं कसं? रिव्हेट ढिला आहे का ते छोट्या हातोडीने बघतात एवढं माहीत आहे.

रिव्हेटराव
रिव्हेटची पद्धत आधी, कारण तत्त्व एकच. रिव्हेटच्या डोक्याच्या एका बाजूला बोट टेकवायचं आणि समोरून सुमारे ११० ग्रॅमच्या हातोडीने हलकं टिचकवायचं. हालचाल बोटाला कळते. कानावर भरवसा ठेवू नका, बोटावर ठेवा. मोठ्या हातोडीने हाणलं तर चांगला रिव्हेटही ढिला होईल.

अँकर बोल्टाला एवढ्याने भागत नाही. क्रम असा ठेवा :

१. आधी ओटा साफ. पालापाचोळा, माती, पक्ष्यांची घाण, जुन्या रंगाचे पापुद्रे काढा. बेसप्लेटच्या कडेला साचलेली माती ओल धरून ठेवते, सगळा गंज तिथून सुरू होतो. साफ न करता लिहिलेला तपासणी अहवाल फाडून टाका.

२. नट आणि प्लेट यांच्यावरून रंगाची एक सरळ रेघ मारा. पुढच्या खेपेला रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला.

३. बेसप्लेटखाली चारही बाजूंनी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. एकाच बाजूला फट असेल आणि ती नेहमीच्या वाऱ्याची बाजू असेल, तर बोल्ट ताणला गेलाय किंवा ग्राउट (प्लेटखाली भरलेला मसाला) चुरलंय. दोन्ही वाईटच.

४. नटाखाली, प्लेटच्या पातळीला बोल्टाची कंबर मोजा. गंज तिथेच खातो. ३२ मिमीचा दांडा २८ झाला तर चारच मिमी गेले असं वाटतं, पण क्षेत्रफळ २३ टक्के कमी झालेलं असतं. आट्यांच्या मुळाशी आणखी कमी.

५. मग अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी तपासणी. बोल्टाचं डोकं दांड्याशी काटकोनात सपाट घासायचं, ग्रीस लावून सरळ प्रोब ठेवायचा. अखंड दांड्याची लांबी माहीत असेल तर तळाचा प्रतिध्वनी कुठे यायला हवा ते ठरलेलं असतं. तो अलीकडे आला तर तिथे चीर किंवा तुटलेलं टोक.

गंजपुराण
आणि पाचव्या पायरीवर किंझुआसारखा बोल्ट तुम्हाला चकवतो. कॉलरमध्ये वरचा दांडा संपतो तिथेच ध्वनी परत फिरतो. खालच्या दांड्याच्या टोकाला तो टेकलेला दिसत असला तरी मध्ये हवेचा थर असतो. यंत्रावर छान, स्वच्छ, ठाम प्रतिध्वनी दिसतो. अननुभवी माणूस 'बोल्ट ठीक' लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात त्याने फक्त वरचा तुकडा तपासलेला असतो. खालचा जुना दांडा आणि कॉलरच्या आट्या त्याने पाहिलेल्याच नाहीत.

कॉलर तीन कारणांनी नाजूक. आट्यांच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांवर ताण एकवटतो, चीर तिथे जन्मते. कॉलरच्या तोंडातून पाणी आत झिरपतं आणि बाहेर पडायला वाट नसते. आणि वरचा-खालचा दांडा एका रेषेत नसेल तर ताणाबरोबर वाकही येतो. पायाशी दर वेळी किंचित हालचाल झाली की हा वाक उलटसुलट होतो. शंभर वर्षांत किती वेळा झालं असेल ते मोजायला नको.

नकाशात 'बोल्ट लांबवला', 'स्लीव्ह', 'जोड' असं काहीही दिसलं की तिथे अल्ट्रासॉनिकचा निकाल धरू नका. ओट्याचा कोपरा फोडून कॉलर उघडी करा. हे काम कुणालाच आवडत नाही, खर्चिक आहे, पण दुसरा मार्ग नाही.

नवखा_ट्रॅकमन
उघडल्यावर खराब निघाला तर? तिथेच वेल्डिंग करून मजबूत करता येईल?

रिव्हेटराव
नाही. इतक्या जुन्या लोखंडावर वेल्डिंगचा विचारही नको. घडीव लोखंडात मळीचे थर असतात, वेल्ड थरांतून सोलून निघतो. सुरुवातीच्या पोलादात फॉस्फरस जास्त, ते वेल्डजवळ ठिसूळ होऊन तडकतं. १८९५ च्या आधीचं पोलाद आपल्याकडेही संशयितच धरतात. आधी नमुना काढून रासायनिक तपासणी.

नवे अँकर शेजारी टाकायचे. ओट्यात कोअर ड्रिलने भोक, ब्रश आणि हवेने साफ (धूळ राहिली तर रेझिन धुळीलाच चिकटतं, दगडाला नाही), मग रेझिन किंवा आकुंचन न पावणाऱ्या ग्राउटमध्ये नवा दांडा. ओटा जुना चिरेबंदी असेल तर नुसता वरचा चिरा धरून उपयोग नाही. भोक खालच्या थरांतून, शक्य तर खडकात न्यायचं, नाहीतर पुढच्या वादळात बोल्टाबरोबर चिराही उचलला जाईल. प्रत्येक दांड्याची ओढून चाचणी, डिझाइन ताणाच्या सव्वा ते दीडपट. वर मनोऱ्याच्या पायाला उभ्या फासळ्या असलेली खुर्ची, ती हाय-स्ट्रेंग्थ बोल्टांनी जोडायची.

हिशेबात जुने बोल्ट शून्य धरा. 'थोडा भार तेही घेतील' असं म्हणू नका. नवा-जुना ताठरपणा वेगळा असतो, जास्त ताठ असतो तो आधी भार खातो, तो तुटला की दुसऱ्यावर एकदम येतो. किंझुआला बोल्ट एकेक करून गेले ते याच तऱ्हेने.

काम एका वेळी एकाच पायावर. हवामानाचा अंदाज बघूनच हात घालायचा.

वाफेचे इंजिन
खर्चाचंही लिहितो. पुन्हा बांधायला सुमारे साडेचार कोटी डॉलर लागतील असा अंदाज आला, राज्याने नको म्हटलं. त्याऐवजी उरलेल्या मनोऱ्यांपैकी १५ ते २० हे सहा मनोरे दुरुस्त करून दरीवर ६२४ फूट आत जाणारी पायवाट केली. टोकाला काचेची जमीन, खाली २२५ फूट. सप्टेंबर २०११ मध्ये खुली झाली, खर्च ४३ लाख डॉलर. पडलेले मनोरे दरीत तसेच ठेवलेत.

माझ्या मते निर्णय बरोबर. पुन्हा बांधला असता तर ती नवी वस्तू झाली असती. आता निदान वरून बघितलं की सांगाडे अख्खे उपटले गेले हे कुणालाही डोळ्यांनी दिसतं.

शंकासुर
म्हणजे त्या सहा मनोऱ्यांचेही बोल्ट १९०० चेच जोड होते ना? ते का नाही पडले?

गंजपुराण
ते मुख्यतः काठाकडचे, म्हणून आखूड. मोजपट्टीरावांचं गणित उंचीने कसं बदलतं बघा : वाऱ्याचा कलवणारा जोर उंचीच्या वर्गाच्या बेताने वाढतो, पायथ्याची रुंदी मात्र नुसती उंचीच्या प्रमाणात. मनोरा जितका आखूड तितका बोल्टांवर भार येण्याचा धोका कमी. शिवाय झोत नेमका मधल्या, सगळ्यात उंच भागावरून गेला. बोल्टांची अवस्था तिथेही चांगली असेल असं मानायला काही आधार नाही, त्यांच्यावर वेळ आली नाही इतकंच.

नवखा_ट्रॅकमन
धन्यवाद रिव्हेटराव, गंजपुराण. ओट्याच्या माथ्याला उतार किती ठेवायचा तेही सांगा, आमच्याकडे सगळे सपाटच आहेत.

रिव्हेटराव
बेसप्लेटच्या कडेपासून बाहेर चारही बाजूंना उतार द्या, पाणी थांबणार नाही एवढा. १:२० पुरतो. ग्राउट प्लेटच्या कडेबाहेर पसरवू नका. प्लेटच्या तळाच्या पातळीपासून ४५ अंशात खाली उतरतं करा, नाहीतर प्लेटभोवती वाफा तयार होतो. नट आणि आट्यांवर ग्रीस भरून टोपी. टोपी आतून कोरडी आहे का ते पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघायचं. बंद टोपीत साचलेलं पाणी उघड्या नटापेक्षा वाईट.